नवजात मुलाची सुंता : निर्णय कोणाचा आणि कोणत्या वयात?

शोधयात्री (धागालेखक)

माझ्या जवळच्या नात्यातील एका जोडप्याला लवकरच मूल होणार आहे. आई एका धर्मात वाढलेली आहे, वडील दुसऱ्या. आणि मुलगा झाला तर त्याची सुंता करावी की नाही यावर दोघांचे एकमत होत नाही. दोघे एकमेकांवर रागावलेले नाहीत, पण आपली बाजू कोणालाच सोडवत नाही. घरात थोडेफार वैद्यकीय वाचन असलेला माणूस म्हणून त्यांनी मला विचारले. गेले काही आठवडे जे वाचले आणि त्यावरून माझे जे मत बनले, ते येथे मांडतो. चुकत असेन तर जाणकारांनी दाखवून द्यावे. त्यासाठीच धागा काढला आहे.

चर्चेची मर्यादा आधी सांगतो. मी फक्त निरोगी बाळांविषयी लिहीत आहे. आजार असेल तर सुंता हा एक उपचार ठरतो आणि त्याचे निकष वेगळे असतात. कोणत्याही धर्माच्या माणसांना कमी लेखण्यासाठी हा विषय काढलेला नाही. तसे प्रतिसाद येऊ लागले, तर धागा बंद करण्याची विनंती मी स्वतः संपादकांना करेन.

प्रथम एचआयव्हीविषयी, कारण सुंतेच्या बाजूने आज सर्वांत जास्त पुढे केला जाणारा पुरावा हाच आहे. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई येथे तीन मोठ्या चाचण्या झाल्या. पहिलीचे निष्कर्ष २००५ मध्ये आणि उरलेल्या दोहोंचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुंता केलेल्या गटात निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात कमी आढळली. ऑरेंज फार्मच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांत सुंता झालेल्या गटातील २० जणांना, तर न झालेल्या गटातील ४९ जणांना लागण झाली होती. हा पुरावा भक्कम आहे आणि सुंतेचे काही विरोधक तो ज्या सहजतेने झटकून टाकतात, ते मला योग्य वाटत नाही. त्याच्याच आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ पासून आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील देशांत सुंतेचा कार्यक्रम सुचवला आणि २०१९ अखेरपर्यंत तेथे अडीच कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

पण या चाचण्यांत भाग घेतलेले पुरुष १५ वर्षांवरचे होते, त्यांतील बहुतेक प्रौढ होते, आणि ते स्वतः होकार देऊन आले होते. ही लागण शरीरसंबंधांतून होते. पाळण्यातल्या बाळाला तिचा धोका नसतो. ज्या रोगापासून संरक्षण हवे तो दारात येण्याच्या कितीतरी आधी मुलगा समजत्या वयाचा झालेला असतो आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचा भरही १५ वर्षे व त्यापुढील मुलांवर आणि प्रौढ पुरुषांवर आहे.

शिश्नाच्या कर्करोगाचेही तसेच. सुंतेमुळे त्याचा धोका कमी होतो हे खरे, परंतु तो मुळातच दुर्मीळ रोग आहे, बहुधा उतारवयात होतो आणि त्याच्या अनेक रुग्णांमागे असलेल्या एचपीव्ही विषाणूवर आता लस आहे.

बाळपणातच मिळणारा आणि थांबून राहिल्यास हातचा जाणारा फायदा मला एकच दिसला, तो म्हणजे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापासून संरक्षण. सुंता न झालेल्या साधारण शंभरातील एका मुलाला पहिल्या वर्षात असा संसर्ग होतो, आणि सुंतेमुळे हे प्रमाण बरेच खाली येते. २००५ मधील एका संकलित अभ्यासाने हिशेब मांडला आहे की, एका बाळाचा संसर्ग टाळायचा तर सुमारे १११ निरोगी बाळांची सुंता करावी लागेल. ज्याला वारंवार संसर्ग होतो अशा बाळांमध्ये हाच आकडा ११ वर येतो, आणि लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे उलटी चढण्याचा दोष तीव्र असेल तर ४ वर. म्हणजे काही बाळांसाठी सुंता हा खरोखरच विचारात घेण्याजोगा उपाय आहे. उरलेल्या ११० बाळांसाठी मात्र ती गरज नसलेली शस्त्रक्रिया आहे, आणि जो संसर्ग टळतो तोही बहुतेक वेळा प्रतिजैविकांनी बरा होणारा असतो.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटले की, फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सर्व नवजात मुलग्यांसाठी शिफारस करावी इतके ते मोठे नाहीत. तेव्हा निर्णय पालकांनी घ्यावा. त्याच्या दोनच वर्षे आधी नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने म्हटले होते की, वैद्यकीय कारणाशिवाय केलेली सुंता मुलाच्या स्वायत्ततेशी आणि शरीराच्या अभंगत्वाशी विसंगत आहे. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१५ मध्ये सरसकट सुंतेची शिफारस करण्याचे नाकारले. या साऱ्यांसमोरचा पुरावा जवळपास एकच होता. तरीही उत्तरे वेगळी आली, याचा अर्थ मतभेद आकड्यांपाशी संपत नाहीत. एका बाळाच्या शरीराविषयी त्याच्या वतीने किती दूरचा निर्णय घेण्याचा अधिकार पालकांना आहे, हा मूळ प्रश्न आहे. आणि जो निर्णय वाट पाहू शकतो आणि एकदा घेतल्यावर फिरवता येत नाही, तो ज्याचे शरीर त्याच्यासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

---

बालशल्य

मी बालशल्यचिकित्सक आहे. आपली मांडणी काळजीपूर्वक आहे, म्हणून तिच्यात सुटलेल्या गोष्टी सविस्तर सांगतो.

जन्मतः शिश्नाग्रावरची त्वचा आतल्या मण्याला चिकटलेली असते. तो दोष नसून वाढीची एक अवस्था आहे. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या निबंधाने हे पहिल्यांदा ठळकपणे मांडले. नवजात मुलांपैकी फक्त ४ टक्क्यांची त्वचा मागे सरते, वर्षभरात सुमारे निम्म्यांची आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांची, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कमधील शाळकरी मुलांच्या अभ्यासातून दिसले की, हे सुटणे त्याहून संथ असते आणि पौगंडावस्थेपर्यंत चालू राहते. त्याच निबंधात गेर्डनर यांनी असेही दाखवले की, त्या काळी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुंतेमुळे दरवर्षी सुमारे १६ लहान मुले दगावत होती. त्यांतील बऱ्याच मृत्यूंचे कारण भूल हे होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये सरसकट सुंतेचे प्रमाण झपाट्याने उतरले.

आज शिकलेल्या हातांनी केलेल्या नवजात सुंतेत मृत्यू अत्यंत दुर्मीळ आहे. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात अवघे पाव लिटर रक्त असते, हे मी प्रत्येक पालकांना सांगतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत क्षुल्लक वाटेल अशी, दोन-अडीच मोठे चमचे रक्ताची गळती या बाळासाठी गंभीर ठरू शकते. म्हणून घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा. ही जाण किती जुनी आहे पाहा: सुंतेने दोन मुलगे दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे ज्यूंच्या ताल्मूदमध्ये लिहिलेले आहे. हिमोफिलिया हे नाव मिळण्याच्या शेकडो वर्षे आधी कोणीतरी हे ओळखले होते. दुसरी तपासणी छिद्राची. मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, म्हणजे हायपोस्पेडियास असेल, तर सुंता करायचीच नाही, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत हीच त्वचा वापरावी लागू शकते.

आता आपल्याशी माझा मतभेद. आपण 'थांबता येते' असे म्हणता, पण थांबण्यालाही किंमत आहे. अमेरिकेतील सुमारे १४ लाख सुंतांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या आत केलेल्या सुंतेत गुंतागुंतीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी होते. एक ते नऊ वर्षे या वयात ते सुमारे वीसपट आणि त्यापुढे सुमारे दहापट आढळले. नवजात बाळाचे काम जागेवरच्या भुलीत होते, प्लास्टिबेलसारखे साधन वापरले तर टाकेही लागत नाहीत. मोठ्या मुलाला बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, टाके घालावे लागतात आणि भीती वेगळीच. ज्या कुटुंबात सुंता होणारच आहे, त्यांना मी 'पाच-सहा वर्षांनी या' असे कधीच सांगणार नाही.

वेदनेबद्दल मात्र कोणतीही तडजोड नको. 'इतक्या लहान बाळाला कळत नाही' हा समज वैद्यकातही फार काळ टिकून होता. १९९७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले की, भुलीविना सुंता झालेली मुले चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त तीव्रतेने रडतात. मेंदूत कुठेतरी त्याची नोंद राहते. साखरेच्या पाण्यात बुडवलेला बोळा चोखायला देणे ही भूल नव्हे. मज्जातंतूजवळ किंवा शिश्नाच्या मुळाशी गोलाकार इंजेक्शन देऊन जागा बधिर करणे, ते काम करेपर्यंत थांबणे आणि मगच हात लावणे, हीच पद्धत.

---

अनामिका

बालशल्य यांना एक प्रश्न विचारायचा आहे. मूळ विषयापासून थोडा बाजूला वाटला तर क्षमस्व. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. लघवी करताना त्वचेच्या आत फुग्यासारखे भरते आणि मग धार येते. त्वचा मागे जात नाही. एका डॉक्टरांनी पाहताक्षणी 'फायमोसिस आहे, सुंता करून टाका' असे सांगून पुढच्या आठवड्यातील वेळही दिली आहे. आमच्यात ही प्रथा नाही. आपण त्वचेविषयी लिहिलेले वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

---

बालशल्य

अनामिका, न तपासता निदान करता येत नाही, म्हणून सर्वसाधारण गोष्टी सांगतो. या वयात त्वचा मागे न जाणे स्वाभाविक आहे. लघवीच्या वेळी थोडे फुगणे, ताप नसेल, दुखत नसेल, धार नीट सुटत असेल, तर बहुतेक वेळा त्याच वाढीचा भाग असते. टोकाशी पांढुरका, कडक, व्रणासारखा पट्टा दिसतो का, हे एखाद्या बालशल्यचिकित्सकाकडून पाहून घ्या. तो लायकेन स्क्लेरोसस नावाच्या आजाराचा असू शकतो आणि तेथे सुंता हाच योग्य उपचार असतो. तसे नसेल आणि तरीही त्रास होत असेल, तर स्टेरॉइडचे मलम काही आठवडे लावून बहुसंख्य मुलांची त्वचा सैल होते. एक गोष्ट मात्र आजपासून पाळा: त्वचा बळाने मागे ओढू नका. त्याने चिरा पडतात, चिरा भरताना व्रण होतो आणि नसलेला आजार तयार होतो.

---

वाटसरू

मी चाळिशी ओलांडलेला पुरुष आहे आणि या विषयावर प्रथमच लिहीत आहे. माझी सुंता जन्मानंतर काही दिवसांत झाली. आमच्या घरात त्यामागे धर्म नव्हता. स्वच्छता राहते असे कोणीतरी सांगितले आणि आईवडिलांनी विश्वास ठेवला. त्वचा गरजेपेक्षा जास्त कापली गेली आणि एका बाजूला ती मण्याला चिकटून कातडीचा पूल तयार झाला. तरुणपणी त्याचा त्रास होत असे. डॉक्टरांना दाखवण्याचे धैर्य तिसाव्या वर्षी आले. तो पूल सोडवणे दहा मिनिटांचे काम होते. त्याच्या आधीची बारा-तेरा वर्षे मी स्वतःमध्येच काही खोट आहे असे समजत होतो.

संवेदना कमी होते का, हा प्रश्न येथे येईलच. २००७ मधील एका अभ्यासाने सुंतेत जाणारा भाग सर्वांत जास्त संवेदनशील असल्याचे म्हटले, २०१६ मधील कॅनडातील अभ्यासाला फारसा फरक आढळला नाही, आणि आफ्रिकेतील चाचण्यांत प्रौढपणी सुंता झालेल्या बहुतेक पुरुषांनी तक्रार केली नाही. मी हे सारे वाचले आहे. माझ्यापुरते त्यातून काही हाती लागत नाही, कारण तुलना करायला माझ्याजवळ 'आधीचे' काही नाही. आईवडिलांवर माझा राग नाही. वडील आता नाहीत आणि आईला मी हे कधी सांगणार नाही. पण आकड्यांत जे 'किरकोळ गुंतागुंत' म्हणून नोंदले जाते, ते कोणाच्या तरी आयुष्याची बरीच वर्षे व्यापू शकते, एवढे येथे नोंदवावेसे वाटले.

---

उंबरठा

वाटसरू यांचा प्रतिसाद वाचून काही वेळ थांबलो आणि मग लिहायला बसलो. मी मुसलमान आहे. माझी, माझ्या भावांची आणि माझ्या दोन्ही मुलांची सुंता झाली आहे. धागालेखकांनी सौजन्याने लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

आपल्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे की, सुंता न करणे म्हणजे काहीच न ठरवणे. आमच्यासाठी तसे नाही. जो मुलगा आपल्या घरातील सर्व पुरुषांपेक्षा वेगळा वाढतो, त्याच्या बाबतीतही पालकांनी एक निर्णय घेतलेलाच असतो, आणि त्याचे परिणाम तो लहानपणीच भोगतो. आपण मुलाला भाषा देतो, नाव देतो, देव देतो किंवा देवाविना वाढवतो. त्यातले काहीही त्याला विचारून करत नाही, आणि त्यातले पुष्कळसे पुढे पुसता येत नाही. आपलेपण असे थोडे थोडे, न विचारताच मिळत असते. शरीरावरची खूण वेगळी आहे हे मला मान्य आहे. पण ती फक्त कापलेली कातडी आहे, असे तिच्याकडे बाहेरून पाहणाऱ्यालाच वाटू शकते. माझ्या वडिलांच्या मांडीवर मी होतो, माझ्या मांडीवर माझे मुलगे होते. त्या दिवशी घरात क्रौर्य नव्हते.

आमच्या परंपरेच्या आत काय आहे, तेही सांगतो. कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही. ती हदीसमधून, माणसाच्या स्वाभाविक स्वच्छतेच्या आचारांपैकी एक म्हणून आली. शाफी पंथ तिला अनिवार्य मानतो, हनफी पंथात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा अनुसरावा असा आचार आहे, सक्ती नाही. वयाचे बंधन एकसारखे नाही. कोठे पहिल्या आठवड्यात करतात, कोठे मुलगा सात-आठ वर्षांचा झाल्यावर. ज्यूंकडे तसे नाही. तेथे अब्राहमशी झालेल्या कराराची खूण म्हणून आठवा दिवस ठरलेला आहे आणि बाळाच्या प्रकृतीचे कारण असेल तरच तो पुढे जातो. त्यामुळे 'मुलगा समजता होईपर्यंत थांबा' हे म्हणणे दोन्ही समाजांच्या कानांवर सारखे पडत नाही. आमच्यात निदान वयाविषयी बोलायला जागा आहे. ज्यू कुटुंबाला मात्र ते 'तुमची धर्माज्ञा पाळू नका' असेच ऐकू येते. ज्या समाजाने आपल्या विधींवर बंदी येण्याचा अर्थ इतिहासात अनेकदा अनुभवला आहे, त्याला अशा मागणीत केवळ बालहक्क दिसतील, अशी अपेक्षा करू नये.

---

शोधयात्री (धागालेखक)

उंबरठा, आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. 'न करणे म्हणजेही एक निर्णय' हा मुद्दा मी मूळ लेखात विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. फायद्यांच्या हिशेबात मी रोग मोजले आणि घर मोजले नाही.

तरीही एक फरक मला ओलांडता येत नाही. भाषा, नाव, श्रद्धा यांच्यापासून मोठेपणी दूर जाता येते. मार्ग कठीण असला तरी तो उघडा राहतो. जोएल फाइनबर्ग या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८० मध्ये याला मुलाचा 'खुल्या भविष्याचा हक्क' म्हटले. मोठेपणी वापरायचे काही हक्क मुलाच्या वतीने सांभाळून ठेवायचे असतात आणि ते आधीच खर्च करण्याचा अधिकार पालकांनाही नसतो, असा त्याचा आशय आहे. सुंता न झालेला मुलगा मोठेपणी ती करून घेऊ शकतो. झालेल्या मुलाला परतीची वाट नाही. वाटसरू यांच्या प्रतिसादातील दुखणे जखमेचे होतेच, पण मला त्यात या न उरलेल्या वाटेचे दुखणे जास्त ऐकू आले.

बालशल्य यांनी दिलेला वीसपटीचा आकडा महत्त्वाचा आहे; त्याविषयी एक शंका आहे. एक ते नऊ वर्षांच्या वयात सुंता होणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची ती आजारामुळे होत असणार: त्वचेचा दाह, व्रण, वारंवार संसर्ग. आधीच सुजलेल्या ऊतींवरील शस्त्रक्रियेत गुंतागुंत जास्त होणारच. तेव्हा त्या फरकातील किती वाटा वयाचा आणि किती आजाराचा, हे केवळ या आकड्यावरून ठरत नाही. शिवाय निरोगी मुलांपैकी बहुतेकांना मोठेपणी सुंतेची गरजच पडणार नसेल, तर ज्यांची होणार नाही त्यांचा धोका शून्य धरावा लागेल.

मात्र एक बदल मी माझ्या मतात करतो. लिहिताना माझ्या मनात कायद्याची बंदी होती. मी तो शब्द वापरला नाही, पण युक्तिवादाची दिशा तीच होती. आता मला ती नको वाटते. बंदीने सुंता थांबणार नाही, ती शल्यगृहातून स्वयंपाकघरात जाईल, आणि बालशल्य यांनी सांगितलेल्या रक्ताच्या, छिद्राच्या आणि भुलीच्या तपासण्या तेथे कोणी करणार नाही.

---

अनुष्टुभ

बंदीचा विषय निघाला म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. माझा व्यवसाय तोच आहे.

मे २०१२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने निर्णय दिला की, धार्मिक कारणासाठी बालकाची सुंता म्हणजे शारीरिक इजा होय आणि पालकांच्या संमतीने ती वैध होत नाही. प्रकरण चार वर्षांच्या मुस्लिम मुलाचे होते. सुंतेनंतर दोन दिवसांनी रक्तस्राव झाल्याने त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते. डॉक्टर निर्दोष सुटले, कारण त्या काळच्या कायद्याच्या संदिग्धतेमुळे कृत्य बेकायदा असल्याची जाण त्यांना असणे शक्य नव्हते, असे न्यायालयाने मानले. ज्यू आणि मुस्लिम संघटनांनी निकालाला तीव्र विरोध केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने नागरी संहितेत नवे कलम घालून वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसार केलेल्या सुंतेला पालकांच्या संमतीने मुभा दिली. पहिल्या सहा महिन्यांत धर्मसमुदायाने नेमलेली प्रशिक्षित व्यक्तीही ती करू शकते. आइसलँडमध्ये २०१८ साली सहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेले विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. स्वीडनने २००१ मध्ये मधला मार्ग निवडला: भूल डॉक्टरने किंवा परिचारिकेनेच द्यायची आणि दोन महिन्यांपर्यंतच्या बाळांची सुंता परवाना घेतलेल्या व्यक्तीने करायची. दक्षिण आफ्रिकेच्या बालक कायद्याने १६ वर्षांखालील मुलांची सुंता निषिद्ध ठरवली, मात्र धार्मिक आणि वैद्यकीय कारणांसाठी अपवाद ठेवला.

धागालेखकांच्या नात्यातील जोडप्याला सर्वांत जवळचा निर्णय इंग्लंडमधला आहे. १९९९ मध्ये तेथील अपील न्यायालयासमोर मुस्लिम वडील आणि सुंतेला तयार नसलेली ख्रिस्ती आई असा वाद आला. ही शस्त्रक्रिया परत न फिरवता येणाऱ्या मोजक्या निर्णयांपैकी आहे, म्हणून दोन्ही पालकांचे एकमत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीवाचून ती करू नये, असे न्यायालयाने सांगितले आणि त्या मुलाच्या बाबतीत परवानगी नाकारली. एका पालकाच्या धर्माला दुसऱ्याच्या धर्माहून कमी वजन दिले गेले, असा त्याचा अर्थ नाही. तो मुलगा प्रत्यक्षात कोणाजवळ आणि कशा वातावरणात वाढणार आहे, हे न्यायालयाने पाहिले.

एक अवघड विसंगती मात्र कोणतेच कायदेमंडळ नीट सोडवू शकलेले नाही. मुलींच्या जननेंद्रियाला धार्मिक कारणासाठी सुईचे टोक लावणेही अनेक देशांत गुन्हा आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये मुलींसाठी नाममात्र टोचणीचा पर्याय विचारात घ्यावा असे सुचवले, तेव्हा इतका विरोध झाला की महिनाभरातच तिला ते निवेदन मागे घ्यावे लागले. मुलींवरील प्रथेचे गंभीर प्रकार मुलग्यांच्या सुंतेपेक्षा कितीतरी अधिक विध्वंसक आहेत आणि त्यांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. परंतु मुलीच्या बाबतीत एक थेंब रक्तही नको आणि मुलाच्या बाबतीत ऊती काढून टाकण्याला मुभा, या फरकाचे समाधानकारक तात्त्विक समर्थन मला आजवर वाचायला मिळालेले नाही.

---

उंबरठा

शोधयात्री, बंदीची मागणी सोडल्याबद्दल आभार. आपण दाखवलेला फरक, परतीच्या वाटेचा, मी नाकारू शकत नाही. त्याला मी माझ्या श्रद्धेतून उत्तर देतो आणि ते उत्तर आपल्याला पटेल असे नाही. पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी पूर्ण बधिर न करताच काम उरकले गेले. तो ज्या आवाजात रडला तो मला आठवतो आणि मी तेव्हा गप्प राहिलो. माझ्या भावाच्या घरी आता बाळ आले आहे. बालशल्य यांचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. रक्ताची चौकशी, छिद्राची तपासणी, जागेवरची भूल आणि ती लागेपर्यंत थांबणे. हे मान्य करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडेच जायचे असे आमचे ठरले.

---

शोधयात्री (धागालेखक)

अनुष्टुभ यांनी सांगितलेला इंग्लंडमधील निर्णय मी त्या जोडप्याला कळवला. त्यांच्यात अजून एकमत नाही, पण एका गोष्टीवर ते आले आहेत: दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत किंवा दबावाने काही करायचे नाही, आणि एकमत होत नाही तोवर बाळ आहे तसेच राहील. आईने मला विचारले की, आठ-दहा वर्षांच्या मुलाशी याबद्दल बोलायचे तर कसे बोलायचे. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. येथे कोणी आपल्या मुलाशी असे बोलले असेल, तर अवश्य लिहावे.

---

अनामिका

आज दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. व्रण नाही, त्वचा मऊ आहे, धार चांगली आहे, असे त्यांनी तपासून सांगितले. मलमाचीही आत्ता गरज नाही, आंघोळीच्या वेळी फक्त बाहेरून पाणी घालायचे आणि वर्षभराने पुन्हा दाखवायचे. पुढच्या आठवड्यातील शस्त्रक्रियेची वेळ रद्द केली आहे.